गीझर ठिबकतो आहे? थांबा, बूच लावू नका!



दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही नव्या बिऱ्हाडी राहायला गेलो आणि न्हाणीघरात विजेचा गीझर बसवून घेतला. २५ लिटरचा, भिंतीवर टांगायचा, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असतो तसाच. बसवणारा प्लंबर तासाभरात काम उरकून गेला. अभ्यंगस्नानाच्या सकाळी सर्वांची कडकडीत पाण्याने आंघोळ झाली. पण दोन दिवसांत लक्षात आले, की गीझरच्या खाली, थंड पाण्याच्या नळीवर बसवलेल्या एका लहानशा पितळी तुकड्यातून पाणी ठिबकते आहे. ठिबकते म्हणजे चांगलेच ठिबकते. फरशी सतत ओली, आणि माझी ७२ वर्षांची आई पाय घसरेल म्हणून भिंत धरून चालू लागली.

प्लंबरला परत बोलावले. त्याने खाली वाकून पाहिले आणि हसून म्हणाला, "सर, हे सगळ्यांकडेच गळतं. पाच मिनिटांत बंद करून देतो." खिशातून एक पितळी बूच काढले (त्याच्या भाषेत 'डमी'), त्याला पांढरी टेप गुंडाळली आणि ज्या तोंडातून थेंब पडत होते त्यात ते पिळून बसवले. थेंब थांबले. मी त्याचे आभार मानले आणि पैसेही दिले.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी महाविद्यालयात गेली वीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवतो आहे. द्रवांचे प्रसरण हा धडा किती वेळा शिकवला असेल याची गणती नाही. तरीही त्या वेळी मला काहीच खटकले नाही. फरशी कोरडी झाली एवढ्यावर मी खूष होतो.

खटकले ते आईला. थेंब पडत होते त्या दिवसांत तिने खाली एक तांब्या ठेवला होता आणि जाता-येता त्याच्याकडे तिचे लक्ष असे. संध्याकाळी ती म्हणाली, "अरे, ते गळत होतं ना, ते नेहमी नव्हतं गळत. लाल दिवा लागला की गळायचं आणि दिवा गेला की थोड्या वेळानं थांबायचं. मग आता बुचाखाली ते पाणी जातं कुठं?"

निरीक्षण कसे करावे याचा याहून चांगला धडा मी कोणत्याही प्रयोगशाळेत दिलेला नाही. 'गळते' एवढे म्हणून आई थांबली नाही. केव्हा गळते, तेही तिने पाहिले होते.

आता तिच्या प्रश्नाचे उत्तर आपण मिळून काढू या. पाणी तापले की प्रसरण पावते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण किती? २५ अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर पाण्याचे वस्तुमान ९९७ ग्रॅम असते. ६० अंशांना ते ९८३ ग्रॅम भरते. म्हणजे तेच पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेले, तर त्याचे घनफळ शेकडा सुमारे १.४ ने वाढते. हा आकडा तुम्हांला क्षुल्लक वाटेल. पण गीझरमध्ये २५ लिटर पाणी आहे. २५ लिटरचे शेकडा १.४ म्हणजे साधारण ३५० मिलिलिटर. टाकी आधीच काठोकाठ भरलेली असते. तेव्हा दर वेळी पाणी तापवले, की या साडेतीनशे मिलिलिटर पाण्याला नवी जागा हवी असते.

आणखी थोडे गणित करा. आमच्या गीझरची कॉईल २ किलोवॉटची आहे. २५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला लागणारी उष्णता सुमारे ३,६६० किलोज्यूल. कॉईल दर सेकंदाला २ किलोज्यूल देते, म्हणजे जवळजवळ अर्धा तास. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब धरले, तर अर्ध्या तासात सात हजार थेंब, दर सेकंदाला तीन-चार! माझ्या आईच्या तांब्यात पडत होते ते हेच. गीझर कुठेही फुटलेला नव्हता, फाटलेला नव्हता. पाणी फक्त अंग पसरत होते.

तुम्ही विचाराल, की हे जास्तीचे पाणी ज्या नळीतून आले तिच्यातूनच मागे, गच्चीवरच्या टाकीकडे का जात नाही? प्रश्न बरोबर आहे. तसे ते जाऊ शकले असते. पण वाटेत तो पितळी तुकडा आहे. त्या एवढ्याशा तुकड्यात दोन झडपा असतात. पहिली झडप एकदिशा आहे, ती पाण्याला आत येऊ देते पण मागे जाऊ देत नाही. हिची गरज अशी, की एखाद्या दिवशी गच्चीवरची टाकी रिकामी झाली आणि गीझरमधले पाणीही मागे ओढले गेले, तर कॉईल कोरडी पडेल आणि बटण चालू असेल तर जळून जाईल. दुसरी झडप स्प्रिंगने दाबून धरलेली असते. आतला दाब ठरावीक आकड्याच्या पुढे गेला, की ती किंचित उचलली जाते, थोडे पाणी बाहेर सोडते आणि पुन्हा बसते. ही सुरक्षा-झडप. आमच्या झडपेवर '८ बार' असा आकडा कोरलेला आहे. एक बार म्हणजे साधारणपणे एक वातावरणदाब. गच्चीवरची टाकी आमच्या गीझरहून सुमारे १२ मीटर उंच आहे. १० मीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब जवळजवळ एक वातावरण असतो, म्हणून आमच्या गीझरवर टाकीचा दाब सव्वा वातावरणाच्या आतबाहेरच. मग ८ बारपर्यंत तो चढतो कसा?

याचे कारण पाण्याचा हट्टीपणा. हवा दाबली तर दबते, सायकलच्या पंपात तुम्ही ते पाहिलेच आहे. पाणी दबत नाही म्हटले तरी चालेल. त्याचे घनफळ दाबून शेकडा एकने कमी करायचे, तर दोनशेहून अधिक वातावरणांचा दाब लागतो. तेव्हा एकदिशा झडपेने मागची वाट बंद केली आणि पाणी तापू लागले, की थोड्याच अंशांत दाब भराभर चढतो आणि ८ बारला सुरक्षा-झडप ठिबकू लागते. ती बिघडलेली नसते. तिला ज्या कामासाठी बसवले आहे ते काम ती करत असते.

आणि आम्ही नेमके तिचेच तोंड बंद केले होते.

दुसऱ्या दिवशी गीझर बंद ठेवून, पाणी निवल्यावर, प्लंबरकडून बूच काढून घेतले. मग मी मोजपात्र लावले. सर्व नळ बंद ठेवून तीन सकाळी पाणी तापवले आणि ठिबकलेले पाणी मोजले. ते ३०० ते ३३० मिलिलिटरच्या दरम्यान भरले. आपल्या हिशोबापेक्षा थोडे कमी. टाकी पोलादी असली तरी दाबाने किंचित ताणली जाते, आणि कॉईलच्या खालचे पाणी वरच्याइतके तापत नाही. तरीही कागदावरचे गणित आणि तांब्यातले पाणी इतके जवळ आलेले पाहून मला जो आनंद झाला, तो तुम्हीही घ्यावा असे वाटते.

आता बुचाखाली काय घडत होते ते पाहू. त्याच दिवशी स्फोट होतो असे नाही. तसे असते तर एकाही प्लंबरने पुन्हा बूच लावले नसते. टाकी थोडी फुगते, एखादा जोड पाझरतो, एकदिशा झडप जरा दाद देते आणि वेळ निभावते. मात्र रोज सकाळी टाकी ताणली जाते आणि रोज ती पुन्हा आकसते. तार वाकवून-सरळ करून तोडण्याचा खेळ तुम्ही खेळला असाल. टाकीच्या सांध्यांवर हाच खेळ सावकाश चालतो. आतला काचेसारखा लेप तडकला, की गंजाला वाट मिळते. दहा वर्षे टिकायची टाकी त्यामुळे लवकर निकामी होते, पण एवढ्यावर निभावले तर आपण सुदैवी.

खरे भय वेगळे आहे. पाणी ६० अंशांवर आले, की वीज तोडणारा थर्मोस्टॅट गीझरमध्ये असतो. त्याचे संपर्कबिंदू कधीतरी चिकटून बसतात आणि वीज चालूच राहते. यासाठी आणखी एक उष्णताखंडक असतो. पण तोही यंत्रच. दोन्ही एकाच वेळी फसले तर शेवटचा पहारेकरी कोण? सुरक्षा-झडप. बंद भांड्यात, दाबाखाली, पाणी १०० अंशांना उकळत नाही. १२० अंशांना त्याच्या वाफेचा दाब सुमारे दोन वातावरणे, १५० अंशांना पावणेपाचच्या आसपास आणि १७० अंशांना आठच्या जवळ असतो.

समजा, टाकीत २० किलो पाणी १५० अंशांना दाबून धरलेले आहे आणि टाकीचा सांधा उकलला. दाब एका क्षणात उतरतो. उघड्यावर पाणी १०० अंशांहून अधिक तापलेले राहूच शकत नाही. वरच्या ५० अंशांची उष्णता, दर किलोमागे सुमारे २१० किलोज्यूल, ताबडतोब वाफ करण्यात खर्च होते. एक किलो पाण्याची वाफ व्हायला २,२६० किलोज्यूल लागतात. भागाकार करा: दर किलोतले ९३ ग्रॅम, म्हणजे २० किलोतले जवळजवळ पावणेदोन किलोंहून अधिक पाणी डोळ्याचे पाते लवण्याच्या आत वाफ होते. एक किलो वाफ १,६०० लिटरहून अधिक जागा घेते. तीन हजार लिटर वाफ! चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघराचे घनफळ साडेपाच हजार लिटरच्या आत येते. अर्ध्याहून अधिक खोली क्षणार्धात वाफेने भरते, आणि तिच्याबरोबर उरलेले उकळते पाणी आणि लोखंडाचे तुकडे असतात.

गंमत पाहा, 'गीझर' हे नाव आइसलँडमधल्या गेसीर नावाच्या उष्ण पाण्याच्या कारंज्यावरून आले. तिथे जमिनीखालच्या अरुंद नळीत तळाचे पाणी वरच्या पाण्याच्या भाराखाली १०० अंशांच्या पुढे तापते. वरचे थोडे पाणी सांडून भार हलका झाला, की तळच्या पाण्याची एकदम वाफ होते आणि उंच फवारा उडतो. म्हणजे आपल्या न्हाणीघरातल्या यंत्राला आपण त्याच गोष्टीचे नाव दिले आहे, जी त्याने कधीही करू नये अशी आपली इच्छा असते!

सुरक्षा-झडप ही काही आजची युक्ती नाही. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला हाडे शिजवून मऊ करणारे एक बंद भांडे दाखवले. ते फुटू नये म्हणून त्याला तरफेवर वजन टांगलेली झडप बसवण्याची कल्पना त्याचीच. आपला प्रेशर कुकर हा त्या भांड्याचाच वंशज. आता मला सांगा, कुकरची शिट्टी फार आवाज करते म्हणून तिच्यावर बूच ठोकणारी गृहिणी तुम्ही पाहिली आहे का? स्वयंपाकघरात जे कोणी करणार नाही, ते न्हाणीघरात मी शांतपणे करू दिले. कुकरची वाफ दिसते, शिट्टी ऐकू येते. गीझर बिचारा थेंबाथेंबाने बोलतो, म्हणून त्याचे कोणी ऐकत नाही.

माझ्या आईच्या माहेरी तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात लाकडे, भोवती पाणी. त्यात पाणी कितीही तापले तरी भीती नव्हती, कारण त्याचे वरचे तोंड हवेशी उघडे असे. वाढलेले पाणी वर चढे, फार झाले तर सांडे, वाफ निघून जाई. बंबाला सुरक्षा-झडप लागत नव्हती. तोंड उघडे असणे हीच त्याची झडप. बंद टाकी घरात आणली तेव्हा आपण सोय घेतली आणि तिच्याबरोबर दाबही घरात आणला. पण आपल्या सवयी मात्र अजून बंबाच्याच राहिल्या, असे मला वाटते.

गळतीला ठिगळ लावून वेळ मारून नेली, की काय होऊ शकते याचे सर्वांत भयानक उदाहरण घरातले नाही, आगबोटीतले आहे. यंत्र वेगळे, पण वृत्ती तीच, म्हणून सांगतो. १८६५ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले यादवी युद्ध संपत आले होते. मिसिसिपी नदीवर 'सुल्ताना' नावाची आगबोट सुटका झालेल्या युद्धकैद्यांना घरी न्यायला निघाली होती. व्हिक्सबर्ग येथे तिच्या एका बॉयलरची गळती लक्षात आली. पत्रा फुगला होता. नीट दुरुस्तीला काही दिवस लागणार होते, आणि तेवढा वेळ थांबले तर कैदी दुसऱ्या बोटीने जाणार, भाडे बुडणार. कप्तानाने वरून एक ठिगळ मारून घेतले. ३७६ माणसांचा परवाना असलेल्या बोटीवर दोन हजारांहून अधिक माणसे चढवली. २७ एप्रिलच्या पहाटे, मेंफिस शहराच्या उत्तरेला, तिचे बॉयलर फुटले. अकराशेहून अधिक माणसे मेली. स्फोटाच्या नेमक्या कारणाबद्दल अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. ठिगळ, पाण्याची कमी झालेली पातळी, गाळ, सर्वांवर बोट ठेवले जाते. पण बॉयलरने आधी सूचना दिली होती आणि ती घाईने बुजवली गेली, यावर मतभेद नाहीत.

तर मग सगळेच ठिबकणे चांगले का? मुळीच नाही. म्हणूनच थेंब कुठून येतो आणि केव्हा येतो, हे दोन प्रश्न विचारायचे. पाणी तापत असतानाच झडपेतून ठिबकले आणि नंतर थांबले, तर चिंता नको. पण गीझर रात्रभर बंद असूनही झडप ठिबकत राहिली, तर तिच्या बैठकीत क्षाराचा कण अडकला असेल किंवा नळातच दाब जास्त असेल. बोअरच्या जड पाण्यात हे नेहमी होते. आपल्याकडच्या पुष्कळ गावांत गीझरच्या कॉईलवर चुन्याचे पांढरे कवच चढते. तोच चुना झडपेतही बसतो. अशी झडप बदलायची, बुजवायची नाही. नळीच्या आट्यांपाशी ओल आली, तर तो जोडणीचा दोष. आणि गीझरच्या खालच्या झाकणातून, तांबूस डाग पडत पाणी झिरपू लागले, तर टाकी आतून गंजली असे समजा. तिथे कोणतीही टेप, कोणताही लांबी-सफेदा उपयोगाचा नाही. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशिअमचा एक दांडा ठेवलेला असतो. मॅग्नेशिअम लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील, त्यामुळे आधी ते झिजते आणि लोखंड वाचते. दांडा संपला, की पाळी टाकीची. तो वेळच्या वेळी बदलावा लागतो, हे किती घरांत माहीत आहे? मी माझ्या वर्गात विचारले. एकही हात वर आला नाही.

खालच्या झाकणाच्या आत विजेच्या जोडण्या असतात, हेही विसरू नका. तिथे पाणी पोहोचले, किंवा कॉईलचे आवरण तडकले, तर पाण्यात वीज उतरू शकते. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर आंघोळ तिथेच सोडून बाहेर या आणि मुख्य स्विच बंद करायला सांगा. तीन पिनांच्या प्लगातली जाड पिन अर्थिंगची. ती भिंतीतल्या सॉकेटात नुसती बसून भागत नाही, तिच्यामागची तार खरोखर जमिनीपर्यंत गेलेली हवी. फरकाने वाहणाऱ्या ३० मिलिअँपिअर प्रवाहालाही वीज तोडणारे उपकरण आता घरगुती फलकावर मिळते. गीझर असलेल्या घरात ते असलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गॅसच्या गीझरबद्दल दोनच वाक्ये. तो बंद न्हाणीघरात बसवला, तर तिथून जी गळती होऊ शकते ती कार्बन मोनॉक्साइडची. तिला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातले हीमोग्लोबिन तिला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. तो गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. पाण्याचा थेंब निदान दिसतो तरी.

आमच्या गीझरवर अखेर उपाय काय झाला? सुरक्षा-झडपेच्या तोंडाला अर्धा मीटर नळी जोडून ती उतरती मोरीपर्यंत नेली आणि तिचे टोक उघडे ठेवले. बस्स. फरशी कोरडी, झडप मोकळी. प्लंबरने नळीच्या टोकाला तोटी बसवू का, असे विचारले. मी नको म्हणालो, कारण तोटी म्हणजे पुन्हा बूचच. माझी आई त्या नळीखाली बादली ठेवते आणि ते पाणी तुळशीला घालते.

मी त्या प्लंबरला नावे ठेवणार नाही. आपण त्याला बोलावतो ते 'गळणे बंद कर' म्हणून आणि पैसे देतो तेही गळणे बंद झाले म्हणून. तो आपण मागितले तेच देतो. आठ-दहा हजारांचे यंत्र घेताना आपण चार दुकाने हिंडतो, आणि ते बसवणाऱ्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. यंत्राबरोबर आलेले माहितीपत्रक पिशवीतच राहते. आमच्याही गीझरच्या पत्रकात 'झडपेचे तोंड बंद करू नये, त्यातून थेंब पडणे स्वाभाविक आहे' असे छापलेले होते, ते मी बूच काढल्यानंतर वाचले! छापले होते इंग्रजीत, अगदी बारीक अक्षरांत. जी सूचना जिवाशी संबंधित आहे ती गिऱ्हाइकाच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत आणि यंत्राच्या अंगावरच लिहिलेली असावी, ही माझी कारखानदारांकडे मागणी आहे.

आणि आम्हां शिक्षकांबद्दलही थोडे. प्रसरण शिकवताना आम्ही रेल्वेच्या रुळांमधली फट सांगतो, लोखंडी गोळा आणि कडे दाखवतो. उदाहरणे चांगली आहेत, पण ती विद्यार्थ्याच्या घरातली नाहीत. ज्याला रुळांमधल्या फटीचे कारण पाठ आहे तो रोज ज्या यंत्राखाली उभा राहतो, त्याच्या फटीचे कारण त्याला माहीत नसावे, यात चूक आमची आहे.

कारखान्यातल्या वाफेच्या बॉयलरसाठी आपल्या देशात १९२३ सालीच कायदा झाला. २०२५ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. त्या बॉयलरांची ठरावीक मुदतीने निरीक्षक तपासणी करतात. तुमच्या न्हाणीघरात कोणी निरीक्षक येणार नाही. म्हणून हे काम मी तुमच्यावर सोपवतो. आज घरी गेल्यावर गीझरला हात न लावता फक्त पाहा. थंड पाण्याच्या नळीवर तो पितळी तुकडा आहे का? त्याचे तोंड उघडे आहे की बुजवलेले? नळी लावली असेल तर ती उतरती आहे का, आणि तिचे टोक मोकळे आहे का? पाणी तापत असताना आणि निवल्यावर कुठे ओल दिसते? वहीत लिहा आणि घरातल्या मोठ्यांना दाखवा. बूच आढळले तर स्वतः पाना घेऊन उभे राहू नका. आतले पाणी तापलेले आणि दाबाखाली असू शकते. आधी वीज बंद, मग पाणी निवू द्यायचे, मग जाणकाराला बोलवायचे.

आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडे आहेत. त्या प्लंबरकडून कळले, की आणखी सात घरी त्याने अशीच बुचे लावली आहेत. मी सोसायटीच्या सभेत हा विषय काढला, आकडे सांगितले, आईचा तांब्याही दाखवला. चार जणांनी त्याच आठवड्यात बुचे काढून नळ्या लावून घेतल्या. तिघे म्हणाले, "इतकी वर्षे झाली, काही झालं का?" त्यांतले एक जण आमच्या नेमके वरच्या मजल्यावर राहतात. येत्या रविवारी मोजपात्र घेऊन मी पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहे.